शिध्यातून गळालेली नाचणी

घोडेगावाहून भीमाशंकरकडे निघालेला प्रवासी डिंभ्यापाशी आला, की घोड नदीवरील धरणाचा विस्तीर्ण जलाशय त्याच्या दृष्टीस पडतो; आणि ज्या गावावरून सबंध तालुक्याला आंबेगाव हे नाव मिळाले ते मूळ गाव याच पाण्याच्या तळाशी गेले आहे, हे ज्याला ठाऊक असेल त्याचे मन क्षणभर तरी उदास झाल्यावाचून राहत नाही. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाने भरलेल्या मोटारीसमोर आडवा झाला आणि तिच्याखाली प्राणास मुकला. त्यांच्या नावाच्या या पाण्याभोवती वसलेल्या वाड्यांतून वृद्ध माणसे आज काय जेवतात आणि त्या जेवणाचे त्यांच्या हृदयावर काय परिणाम होतात, हा प्रश्न मला अनेक दिवस अस्वस्थ करीत आला आहे. बाबू गेनूंचे स्मरण स्थलवर्णनापुरते केलेले नाही, हे पुढे ध्यानात येईल.

जलाशयाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत, महादेव कोळी समाजातील सत्तरी उलटलेल्या एका आजींच्या पडवीत बसण्याचा योग आला होता. मुलगा आणि सून नारायणगावाकडे मजुरीला गेलेली. घरी आजी आणि एक शाळकरी नातू. सकाळी काय खाता, असे विचारले तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "चा आन् बटर. दात न्हाईत बाबा, भाकर मोडंना." आणि मग, आपण काही विशेष सांगत आहोत याची जाणीवही नसताना, त्या पुढे बोलल्या, "माझ्या सासूलाबी दात नव्हतं. तिला मी आंबील करून द्यायची. आता नाचणी कोन करतं?"

या बोलण्यात मला सगळ्या विषयाचे मर्म सापडले. दात गेलेल्या माणसाने काय खावे, याची व्यवस्था जुन्या स्वयंपाकघराने करून ठेवलेली होती. नाचणीची ताकातली आंबील, हुलग्याचे पातळ माडगे, वरईचा किंवा साव्याचा मऊ भात, आमटीत कुस्करून ठेवलेली भाकरी, कोवळ्या पाल्याची ठेचून शिजवलेली भाजी, हे सारे पदार्थ म्हातारपणाचे पदार्थ होते. आणि जे पदार्थ दातांना सोपे तेच रक्तवाहिन्यांनाही सोपे, असा एक विलक्षण योग त्यांत साधलेला होता. त्याच जागेवर आज चहात बुडवलेला मैद्याचा बटर येऊन बसला आहे, ज्यात मैदा, साखर, मीठ आणि घट्ट केलेली चरबी यांवाचून सांगण्याजोगे काही नाही.

आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांचा आहार एकजिनसी कधीच नव्हता. पूर्वेकडे मंचर, नारायणगाव, ओतूर या बाजूस पाऊस बेताचा. तिकडे बाजरीची भाकरी, मटकी, हुलग्याची शेंगोळी, आणि सणासुदीला तीळखोबऱ्याचे सारण भरलेली मासवडी व तिचा झणझणीत रस्सा. पश्चिमेकडे आहुपे, भीमाशंकर, नाणेघाट या सह्याद्रीच्या धारेवर पाऊस असा कोसळतो की खाचरांत भात आणि उतरणीच्या वरकस जमिनीत नाचणी, वरई, सावा आणि खुरासणी यांवाचून दुसरे पीक धरत नाही. शहरात जी वरई एकादशीच्या दिवशी शेंगदाण्याच्या आमटीबरोबर उपवास म्हणून खाल्ली जाते, ती इथे रोजच्या पोटाची होती. आषाढ-श्रावणात कुर्डू, टाकळा, कोळू, भारंगी, चाईचा मोहर अशा रानभाज्या डोंगर स्वतःच पुरवी. फोडणीला खुरासणीचे तेल असे, तेही जपून घातलेले, कारण घाण्यावर गाळून आणलेले तेल वर्षभर पुरवायचे असे. आणि भाकरीबरोबर खुरासणीचीच चटणी.

या अन्नाचे गुण भावनेच्या भरात सांगण्याची गरज नाही. ते मोजलेले आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकांत शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम तंतू आढळतात, बाजरीतही तितकेच. सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते तीन ग्रॅमही भरत नाहीत. हे तंतू आतड्यात पित्ताम्ले अडकवून शरीराबाहेर नेतात, मग नवी पित्ताम्ले तयार करण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल खर्ची घालावे लागते, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर साचणारा ऐवज तेवढा कमी होतो. नाचणीतील चुना, म्हणजेच कॅल्शियम, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, जे वृद्ध स्त्रीच्या हाडांना हवेच असते. खुरासणीच्या तेलातील निम्म्याहून अधिक भाग लिनोलेइक आम्लाचा असतो, आणि संपृक्त मेदाच्या जागी हे आम्ल आले असता घातक कोलेस्टेरॉल उतरते, ही गोष्ट आता निर्विवाद मानली जाते. अर्थात तेल ते तेलच. पळीपळीने ओतले तर खुरासणीचेही अंगी लागायचे नाही. आणि नाचणीविषयीही एक सावधगिरी सांगितली पाहिजे: बारीक दळून पातळ केलेली आंबील रक्तातील साखर बऱ्यापैकी वेगाने चढवते, म्हणून मधुमेह असलेल्याने ती ताकाबरोबर, बेताने आणि कडधान्याच्या जोडीने घ्यावी.

येथे एका मोहापासून दूर राहणे अवश्य आहे. शहरातला सुशिक्षित मनुष्य डोंगरातील भाकरीचे जे गोडवे गातो त्यांत एक मोठा प्रमाद असतो, तो असा की त्या भाकरीबरोबर असलेली उपासमार त्याला दिसत नाही. डिंभ्याच्या डोंगरातली जुनी माणसे सडपातळ होती ती पथ्यामुळे नव्हे. भाद्रपदात कणगी रिकामी होई आणि आश्विनात नवे पीक येईपर्यंत कंदमुळांवर दिवस काढावे लागत, म्हणून होती. पुष्कळांना हृदयविकार होण्याच्या वयापर्यंत जगताच आले नाही. शिवाय जुन्या आहारात दोषही होते. भाजी नसली की ठेचा, ठेचा नसला की सुकट किंवा खारवलेले बोंबील, आणि या सर्वांत मिठाचा हात सैल. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते, रक्ताचा दाब वाढवते. आणि साठीनंतर धमन्या ताठर झालेल्या असल्यामुळे तो वाढलेला दाब त्यांना सोसवत नाही. प्रौढ माणसाला दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७-१८ मधील राष्ट्रीय पाहणीत आपल्या प्रौढांचे मीठ आठ ग्रॅम भरले. ज्या बायका सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने तंबाखूची मिश्री लावतात आणि दिवसातून आणखी तीनचार वेळा तिचा आश्रय घेतात, त्यांच्या हृदयाला कोणतीही नाचणी वाचवू शकणार नाही, हेही स्पष्ट बोलले पाहिजे.

आणि तरीही उपासमारीची ही आठवणच आजच्या पालटलेल्या जेवणाला अधिक घातक करून ठेवते. हे पुण्याच्याच एका संशोधनाने जगाला शिकवले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास आरंभिला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी दोन किलो सातशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे इंग्लंडातील बाळांहून पुष्कळच कमी. पण आश्चर्य असे की ही बाळे स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी लहान असली तरी चरबीने तितकी लहान नव्हती. बारीक दिसणाऱ्या देहात लपलेली ही चरबी पुढे मधुमेहाला आणि हृदयविकाराला वाट करून देते. ज्याचा देह मातेच्या उदरातच टंचाईसाठी घडवला गेला, त्याला उतारवयात साखर, मैदा आणि सवंग तेल यांचा सुकाळ दिला, तर तो देह त्याचा हिशोब सुस्थितीत वाढलेल्या देहापेक्षा लवकर चुकता करतो. आज डिंभ्याच्या परिसरात जे सत्तरीत आहेत ते १९५० च्या आगेमागे, टंचाईच्या घरांत जन्मले. त्यांच्या बाबतीत पाव आणि पामतेल या निरुपद्रवी चैनीच्या वस्तू उरत नाहीत. त्याच अभ्यासात २००१ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो: ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार खात होत्या त्यांची बाळे वजनाने आणि लांबीने सरस होती. म्हणजे श्रावणात डोंगरातून खुडून आणलेली कुर्डूची भाजी आजींच्या रक्तदाबापुरती उपकारक आहे असे नाही. सुनेच्या पोटातील बाळाच्या साठीनंतरच्या हृदयाचीही तजवीज तिच्यात आहे.

हा पालट कसा घडला याविषयी आपल्याकडे एक सोपी समजूत रूढ आहे, ती अशी की लोकांची जीभ बिघडली. मला ती अन्यायाची वाटते. पहिले कारण कष्टाचे आहे. वरई आणि सावा यांचे टरफल काढण्यासाठी बाईला उखळापाशी पहाटेपासून उभे राहावे लागे. ज्या दिवशी सडलेला तांदूळ दुकानात मिळू लागला त्या दिवशी तिने मुसळ खाली ठेवले, आणि तिने ते ठेवले याबद्दल तिला बोल लावण्याचा अधिकार ज्याने कधी मुसळ उचललेले नाही त्याला मुळीच नाही. दुसरे कारण धरणाचे. पाणी चढले तेव्हा खोऱ्यातली सपाट, कसदार जमीन आधी गेली. मग लोक चढणीवर सरकले आणि मजुरीसाठी पूर्वेकडे उतरू लागले. त्याच पाण्याने डाव्याउजव्या कालव्यांतून पूर्व भागातील ऊस पोसला; उसाची साखर झाली; आणि ती साखर आज चहाच्या पुडीबरोबर वाडीवरच्या टपरीत येऊन पोहोचते.

तिसरे कारण सरकारी शिध्याचे, आणि ते सर्वांत दूरगामी आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो धान्याचा हक्क दिला. भाद्रपदातली रिकामी कणगी या कायद्यामुळे इतिहासजमा होऊ लागली, आणि त्याबद्दल कृतज्ञ न राहणे हे पाप ठरेल. पण इथल्या दुकानांत त्या हक्काचे रूप मुख्यत्वे तांदळाचे आणि गव्हाचे राहिले. वास्तविक कायद्याच्या मूळ परिशिष्टात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो, अशी तिन्ही धान्ये एकाच ओळीत नमूद होती. कर्नाटकाने या तरतुदीचा अर्थ ओळखून आपल्या दक्षिण भागात रेशनवर नाचणी दिली. महाराष्ट्राने, ज्याच्या सह्याद्रीच्या धारेवर नाचणी पिढ्यान् पिढ्या पिकत आली, तो अर्थ तितका मनावर घेतला नाही. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत जो आनंदाचा शिधा देण्यात आला त्यात एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ आणि एक लिटर पामतेल होते. सणाला गरिबाच्या घरी गोड व्हावे हा हेतू उमदा होता, आणि चणाडाळीबद्दल माझी तक्रार नाही. परंतु पामतेलातील मेदांपैकी जवळजवळ निम्मे संपृक्त असतात, आणि ते तेल आपल्याकडे मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून जहाजांनी येते. ज्या बाबू गेनूंनी परदेशी मालाच्या मोटारीपुढे आपला देह टाकला त्यांच्या नावाच्या जलाशयाकाठी खुरासणीची शेते ओसाड पडावीत आणि त्याच शेतांच्या मालकांना सरकारने परदेशी तेलाची पिशवी वाटावी, हे मला दुःसह वाटते.

आजारपण आले म्हणजे या सगळ्याचा हिशोब एकदम समोर येतो. छातीत कळ आली की घरातली माणसे ती पित्ताची समजतात, ओवा-सोडा देतात, पाठ चोळतात. माझ्या मामांच्या बाबतीत आम्ही हेच केले. दोन तास गेले, आणि नंतर करण्यासारखे काही उरले नाही. आज १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, घोडेगावला आणि मंचरला सरकारी रुग्णालये आहेत. पण अडलेली धमनी तातडीने मोकळी करणारी साधने बहुतांशी पुण्याच्या बाजूस, आणि डोंगरातल्या वाडीपासून पुणे म्हणजे पावसाळ्यात तीन-चार तासांची वाट. जिथे उपचार इतका दूर, तिथे प्रतिबंध घराच्या उंबऱ्यात आणून ठेवल्यावाचून गत्यंतर नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या सुमारे तिघांपैकी एकाने आपल्याला रक्तदाब असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे, असे नमूद केले. ज्यांचा दाब कोणी मोजलाच नाही ते या गणनेत नाहीत, आणि डोंगरातली बहुसंख्य म्हातारी माणसे त्याच वर्गात मोडतात असे मला दिसते.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे, की आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम भागातील वृद्धांना त्यांचेच अन्न शिध्यातून परत मिळाले पाहिजे, आणि हे काम उपदेशाने होणार नाही, खरेदीने होईल. २०२४-२५ च्या खरिपासाठी केंद्र सरकारने नाचणीस क्विंटलला ४,२९० रुपये आणि खुरासणीस ८,७१७ रुपये हमीभाव जाहीर केला होता. भाव कागदावर आहे. त्या भावाने माल तोलून घेणारा काटा वाडीच्या पायथ्याशी हवा. १९७२ साली स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळाने याच डोंगरातून हिरडा खरेदी केला आहे, आणि घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी आहे. हिरड्याचा तराजू नाचणीला चालणार नाही असे कोण म्हणेल? विकत घेतलेली नाचणी पुण्याच्या गोदामात न नेता त्याच तालुक्याच्या रेशन दुकानांत, अंगणवाड्यांत आणि आश्रमशाळांत द्यावी. चारपाच वाड्यांमागे वरई सडण्याचे एक छोटे यंत्र आणि तालुक्याला खुरासणी गाळणारे दोनतीन घाणे बसवावेत, म्हणजे मुसळ पुन्हा बाईच्या हाती येणार नाही आणि वरई मात्र ताटात येईल.

जलाशयाकडून तर एक धडा आधीच मिळालेला आहे. विस्थापित झालेल्या आदिवासींनी शाश्वत या संस्थेच्या साहाय्याने त्याच पाण्यात मासेमारीचा हक्क मिळवला, सहकारी संस्था उभी केली, डोंगरउतारावर पडकईने, म्हणजे एकमेकांना हात देऊन, खाचरे बांधली, आणि या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक लाभले. गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्यात बांगड्याइतकी ओमेगा-३ मेदाम्ले नसतात. पण खारवलेल्या बोंबलाच्या ऐवजी ताजा मासा आमटीत पडला तर मिठाचा भार उतरतो आणि प्रथिने मिळतात, हा लाभही लहान नाही.

दाताची गोष्ट मात्र मी विसरू देणार नाही. आपल्या आरोग्यखात्याच्या लेखी कवळी ही चैनीची वस्तू आहे. वस्तुतः ज्या वृद्धेला भाकरी चावता येत नाही तिला तंतुमय अन्न खा, कोशिंबीर खा, शेंगदाणे खा, असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. तिच्या हृदयाचा उपाय तिच्या हिरड्यांपासून सुरू होतो. आशा कार्यकर्त्या वाडीवर जातात तेव्हा त्यांच्या पिशवीत रक्तदाबाचे यंत्र असावे, तसेच दातांविषयी विचारण्याचे दोन प्रश्नही त्यांच्या वहीत असावेत. रक्तदाबाच्या बाबतीत तर मार्ग मळलेला आहे: २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने साताऱ्यासारख्या जिल्ह्यांत ठरलेली औषधे, प्रत्येक रुग्णाचे स्वतंत्र नोंदपत्र आणि जवळच्या केंद्रावर महिनाभराच्या गोळ्या अशी साधी घडी बसवून दाखवली. चीनमधील सहाशे गावांत केलेला आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोगही आपल्या दुकानदारांनी ऐकण्यासारखा आहे: नेहमीच्या मिठातील सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले मीठ दिले तेव्हा पक्षाघाताचे प्रमाण सुमारे चौदा टक्क्यांनी उतरले. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला असे मीठ अपायकारक ठरू शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागेल. पण तोवर आमटीतल्या मिठाची चिमूट अर्धी करायला कोणाच्याही हुकमाची गरज नाही.

आजींच्या पडवीतून निघताना त्यांनी मागच्या उतरणीवरचा एक तुकडा दाखवला. पूर्वी तिथे नाचणी होती, वरच्या अंगाला खुरासणी. भाद्रपदाच्या शेवटी सगळा उतार पिवळा होई. आता तिथे गवत आहे. "कोनी घेनार आसलं तर पेरू की," असे त्या म्हणाल्या. नाचणीचे रोप ज्येष्ठात टाकतात, आणि बी राखायचे की विकून टाकायचे याचा निर्णय घरात त्याआधीच, होळीच्या सुमारास होऊन जातो. खरेदीचा जाहीरनामा निघायचा असेल तर तो दिवाळीनंतर पीक निघाल्यावर निघून उपयोगी नाही. होळीच्या आत तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे.